तीन ओहमचा मान

सोलापूरच्या माणसाला मोटारीचा अभिमान वाटावा, याला कागदोपत्री आधार आहे. वालचंद हिराचंद २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात जन्मले. सुरुवातीचं कंत्राट घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे जिल्ह्यातलंच. पुढे १९१९ मध्ये सिंदिया कंपनीची जहाजं, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ निघाल्या, १९५० च्या दशकात फियाट आली आणि नावं बदलत बदलत १९७४ मध्ये ती प्रीमियर पद्मिनी झाली. पाणी, आकाश, रस्ता, तिन्ही मार्गी लागलं. राहिला तो एकटा स्पीकर. ती जबाबदारी वालचंदशेठनी बहुधा पुढच्या पिढ्यांवर सोडली असावी, कारण होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंतच्या गॅरेजांत आजही कुणी ना कुणी मागच्या सीटवर गुडघे टेकून, तोंडात टॉर्च धरून ती पार पाडत असतो.

जुनी गाडी हातात घेणाऱ्याचा क्रम ठरलेला असतो. आधी इंजिन, मग डेंटिंग-पेंटिंग, मग क्रोमच्या पट्ट्या, मग सीटकव्हर. यात दोन दिवाळ्या निघून जातात. घरात आधी प्रश्न विचारले जातात, मग टोमणे येतात आणि शेवटी त्या विषयावर कुणी बोलतच नाही. ही शेवटची पायरी आली की गाडी पूर्ण होत आली असं समजावं. मग एका रविवारी मालक ड्रायव्हरच्या जागी बसतो, स्टिअरिंगवरून हात फिरवतो आणि त्याची नजर रेडिओवर पडते. डावी-उजवीकडे दोन बटणं, मधे आकड्यांची पट्टी, तिच्यामागे पिवळट काच. रेडिओ आपला जागच्या जागी. हा वाजला पाहिजे, असं त्याच्या मनात येतं, आणि पुढच्या सहा महिन्यांची सोय होते.

रेडिओ जागेवर कसा राहिला याचं उत्तर सोपं आहे. तो चोरावा असं कोणत्याही चोराला वाटलं नाही. चोरांनी कॅसेट प्लेअर नेले, स्टेपनी नेली, बॅटरी तर दोनदा नेली. मध्यम लहरींचा रेडिओ मात्र त्यांनी फडक्यानं पुसून जागेवर ठेवला म्हणायचा.

स्पीकरची कथा वेगळी आहे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडरच्या जमान्यात रेडिओ बहुतेक वेळा गाडी घेतल्यावर वेगळा बसवून घेत, आणि त्याबरोबर एक स्पीकर मिळे. एकच. तो डॅशबोर्डखाली किंवा मागच्या फळीत जाई. मग कॅसेटचं युग आलं. त्या उत्साहात मालकांनी मागच्या फळीला करवत लावली, सहा बाय नऊ इंचांची दोन लंबगोल भोकं पाडली आणि नवे स्पीकर ठोकले. जुना निघाला. तो कुणाच्या विज्ञान प्रदर्शनात गेला, कुणाच्या गल्लीतल्या गणपतीला गेला. आज त्या फळीला भोकं आहेत, कडेला गंजलेले स्क्रू आहेत, आणि मधे एक जुना टॉवेल अंथरलेला आहे. टॉवेल सोलापुरीच असतो, तेवढं मूळपण टिकून आहे.

जिथे मूळ स्पीकर टिकला तिथे सोलापूरच्या उन्हानं आपलं काम केलेलं असतं. पारा ४२-४३ वर गेला की बंद गाडीच्या मागच्या काचेखाली काय होतं हे सांगायची गरज नाही. स्पीकरचा कोन कागदाचा. चाळीस उन्हाळे खाल्ल्यावर त्याची अवस्था शेंगाचटणीबरोबर मिळणाऱ्या कडक भाकरीसारखी होते. दिसायला अख्खी, बोट लावलं की तुकडा हातात. त्यात उंदरांचाही हातभार असतो. कागद, डिंक, कापूस असं सगळं एका जागी मिळणं त्यांच्याही नशिबी रोज नसतं.

आता ‘मूळ’ म्हणजे काय, हा प्रश्न. केंद्र सरकारनं १५ जुलै २०२१ रोजी नियम काढून व्हिंटेज गाडीची व्याख्या केली: पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नसलेली. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत दहा वर्षांची, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या कामाला गाडी रस्त्यावर आणायला बंदी. या व्याख्येत चासी आहे, इंजिन आहे, स्पीकर नाही. म्हणजे मागच्या फळीत गड्ड्याच्या जत्रेत शोभेल असा कर्णा बसवला तरी सरकारची हरकत नाही. हरकत असते ती इतर गाडीवाल्यांची. मेळाव्यात एक तरी गृहस्थ असा भेटतोच, जो बॉनेटकडे ढुंकून पाहत नाही, थेट डॅशबोर्डखाली वाकतो आणि वर येऊन एवढंच म्हणतो, “स्पीकर नंतरचा दिसतोय.”

हे वाक्य ऐकलेला मालक रात्री नीट झोपत नाही.

पहिला उपाय म्हणजे बाजार. मालक दुकानात जातो आणि खोक्यावर ३०० वॅट छापलेली जोडी घेऊन येतो. कोन प्लॅस्टिकचा, कडेला जाड रबर, मधे चकाकणारा छोटा ट्वीटर. हिशोब सरळ असतो: जुना स्पीकर पाच वॅटचा होता, हा तीनशेचा, म्हणजे साठ पट आवाज. घरी येऊन तो वायरी जोडतो, रेडिओ लावतो आणि कान पुढे करतो. आवाज येतो. शेजारच्या घरात कुणीतरी कुजबुजत असावं इतपत येतो.

दोष स्पीकरचा नाही आणि रेडिओचाही नाही. खोक्यावरचा आकडा हा स्पीकर किती सोसू शकतो याचा असतो, किती देईल याचा नव्हे. त्यातही पी.एम.पी.ओ. नावाची अक्षरं छापलेली असतील तर तो आकडा निवडणुकीच्या जाहीरनाम्याइतकाच गंभीरपणे घ्यावा. जुन्या रेडिओची पोच तीन ते पाच वॅटची. म्हणून त्याच्याबरोबरचा स्पीकर हलक्या कागदाचा, कडेला पातळ घडी असलेला, थोड्या विजेवर भरपूर बोलणारा असे. नवा स्पीकर जड, त्याला हलवायलाच जोर लागतो. दोन स्पीकरांत ३ डेसिबलचा फरक असला तर तेवढ्याच आवाजाला दुप्पट वॅट लागतात, ६ डेसिबलचा असला तर चौपट. तीन वॅटच्या रेडिओनं ही चौपट आणायची कुठून?

ट्वीटरची गोष्ट तर आणखी करुण. मध्यम लहरींवर स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतरानं बसवलेली असतात, त्यामुळे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा सूर तिथून फारसा येतच नाही. ट्वीटर वीस किलोहर्ट्झपर्यंतचे सूर काढायला जय्यत तयार. त्याच्या वाट्याला येतं फक्त खरखरणं आणि इंजिनाच्या ठिणग्यांचं टकटक. ते तो इतक्या स्वच्छपणे ऐकवतो की पैसे वसूल झाल्यासारखे वाटावेत.

इथे मालकाला मेस्त्री आठवतो.

सोलापुरात स्पीकर दुरुस्त करणारी माणसं अजून आहेत आणि त्याचं श्रेय व्हिंटेज गाड्यांना अजिबात नाही. ते गणपती मंडळांना आणि जत्रेला आहे. इथल्या मिरवणुकीची शान लेझीम, पण लेझीमच्या मागे एक गाडी असते आणि गाडीवर डॉल्बी असतो. (ज्या गृहस्थांचं हे आडनाव, त्यांनी आवाजातली खरखर कमी करायची युक्ती शोधली होती. महाराष्ट्रानं त्यांचं नाव भिंती हादरवणाऱ्या यंत्राला दिलं. त्यांना हे कळलं नाही हे बरं.) तर या डॉल्बीचे पंधरा-अठरा इंची कोन दर हंगामाला फाटतात, व्हॉइस कॉइल जळतात आणि मेस्त्रीच्या दुकानात येऊन पडतात. त्या ढिगाऱ्याच्या टोकाला, हातावर मावेल असा सात बाय चार इंचांचा लंबगोल स्पीकर घेऊन आपले गाडीमालक, एक वकीलसाहेब, उभे राहतात.

“मेस्त्री, हा विलायती आहे. तीन ओहमचा.”

मेस्त्री डॉल्बीच्या कोनातून मान वर करतो. “तीनचा? आन् वाजवायचं काय यावर?”

“आकाशवाणी.”

“मग ठेवा मालक. गणपती झाला की बगू.”

हा तीन ओहमचा मामला काय आहे, तो नीट पाहण्यासारखा आहे, कारण सगळी भांडणं इथेच होतात. रेडिओचा शेवटचा टप्पा ठरावीक विरोधाला जोडलेला स्पीकर धरून बनवलेला असतो. पण ‘ठरावीक’ म्हणजे किती, यावर जगाचं कधी एकमत झालं नाही. इंग्रजांच्या गाड्यांत रेडिओमोबाइलचे सेट असत, त्यांना साधारण तीन ओहमचा स्पीकर लागे. अमेरिकेत व्हॉल्व्हच्या काळात ३.२ ओहम चाले, मग ट्रान्झिस्टर आला आणि जनरल मोटर्सच्या डेल्को रेडिओंनी १० ओहमचा हट्ट धरला. आज दुकानात मिळतो तो ४ ओहमचा. घरगुती सामानात ८ सापडतो. ज्याला जे सापडतं ते तो जोडतो आणि मग “आपल्याकडे तर चाललं बुवा” असं सांगत फिरतो.

चालतं तेही खरंच असतं. तीनच्या जागी चार लावला तर जुना व्हॉल्व्हचा सेट कुरकुर न करता वाजतो. चारच्या जागी आठ लावला तर आवाज जरा दबतो, कुणी मरत नाही. मरतं ते उलट दिशेनं गेल्यावर. दहा ओहमच्या सेटला चारचा स्पीकर लावला की त्याच्या शेवटच्या ट्रान्झिस्टरवर भार येतो. हा जुना जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर मुळातच तापट. गाणं असो की बातम्या, की नुसती शांतता, तो सारखी वीज खातच असतो आणि रेडिओची पाठ गरम ठेवतो. मे महिन्यात सात रस्त्यावरच्या सिग्नलला थांबलेल्या गाडीत त्याला आणखी तापवणं म्हणजे त्याला निरोप देणं आहे. आणि मग तसाच ट्रान्झिस्टर मिळवायला पुण्याची तापकीर गल्ली आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड पालथा घालावा लागतो.

सगळ्यात मोठा घात होतो तो हौसेनं दोन स्पीकर लावताना. भोकं दोन आहेत, मग स्पीकर दोनच हवेत, असा फळीचा आग्रह असतो. चार-चारचे दोन स्पीकर शेजारी-शेजारी जोडले की दोघांचा मिळून विरोध दोनच ओहम होतो, आठ नव्हे. ओहमांची ही बेरीज शाळेत सगळ्यांनी केलेली असते आणि गॅरेजात कुणालाच आठवत नाही. तेच दोन एकामागे एक जोडले तर आठ होतात आणि रेडिओ वाचतो. याउलट आठ-आठचे दोन शेजारी जोडले की छान चार मिळतात. मेस्त्री हे गणित तोंडी करतो, कारण डॉल्बीवाल्यांकडे एका वेळी आठ स्पीकर असतात आणि तिथे चुकलं तर मंडळ घरी येतं.

व्हॉल्व्हच्या आणि ट्रान्झिस्टरच्या सेटची पथ्यंही एकमेकांच्या विरुद्ध. व्हॉल्व्हचा रेडिओ स्पीकर काढून चालू ठेवला, आवाज वाढवला, तर आत ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि तो जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या बऱ्याच सेटना स्पीकर नसला तर फरक पडत नाही, पण दोन वायरी एकमेकींना चिकटल्या की खेळ खलास. म्हणजे एकाला एकटं सोडायचं नाही आणि दुसऱ्याला फार जवळीक खपत नाही. कुटुंबात अशी माणसं सांभाळलेली असली तर हे लक्षात ठेवायला जड जात नाही.

मल्टिमीटर लावून खातरजमा करावी म्हटलं तर तिथेही घोळ. आठ ओहमचा स्पीकर मीटरवर सहा-साडेसहा दाखवतो, चारचा सव्वातीनच्या आसपास. मीटर बरोबर असतो. तो फक्त तारेचा विरोध मोजतो. कंपनीनं छापलेला आकडा आवाज चालू असतानाचा असतो. हे ठाऊक नसल्यामुळे चारचा स्पीकर मोजून, “हा तीनचा निघाला, विलायती आहे,” म्हणून आनंदानं घरी नेणारे लोक आहेत. त्यांचा आनंद हिरावून घेऊ नये. तीनच्या सेटला तो चालतोच.

गणपती होतो. पितृपक्षात मेस्त्रीला सवड मिळते आणि सात बाय चारचा तो जीव टेबलावर येतो. हे काम पाहण्याजोगं असतं. आधी कोनाची जुनी कड पातं फिरवून सोडवायची. मग मधली टोपी पात्यानं अलगद उचलायची. आत लोहचुंबकाच्या फटीत व्हॉइस कॉइल बसलेली, फट इतकी अरुंद की केस अडकला तरी खरखर होते. कॉइल बरोबर मधे बसावी म्हणून मेस्त्री जुन्या एक्स-रे फिल्मच्या बारीक पट्ट्या कापतो आणि कॉइलच्या आत चार बाजूंनी खोचतो. कुणाच्या तरी मोडलेल्या मनगटाचा एक तुकडा विलायती स्पीकरला मधोमध धरून ठेवतो. मग डिंक, मग एक रात्र वाळवण. सकाळी पट्ट्या ओढून काढायच्या, दोन अंगठ्यांनी कोन अलगद दाबायचा आणि कान लावायचा. ‘खर्र’ आलं तर पुन्हा पहिल्यापासून. नाही आलं तर दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टोकांना लावायचा. कोन बाहेर उसळला तर सेलची प्लस बाजू लावली ते टोक प्लस. त्यावर मेस्त्री लाल खडूचा ठिपका देतो आणि चहा मागवतो.

इथे मालकाला प्रश्न पडतो की नवा चांगला स्पीकर मिळत असताना एवढा खटाटोप का. उत्तर जागेत आहे. जुन्या स्पीकरचा चुंबक अल्निकोचा, छोटा आणि सुटसुटीत. डॅशबोर्डखाली हवेच्या पाइपांच्या आणि वायपरच्या दांडीच्या मधे तो गुपचूप बसे. अल्निकोत कोबाल्ट लागतं. १९७८ मध्ये झाईरच्या खाणपट्ट्यात लढाई पेटली, कोबाल्टचे भाव भडकले आणि स्पीकरवाले स्वस्त फेराइटकडे मोठ्या प्रमाणावर वळले. फेराइटचा चुंबक रुंद, जाड चकतीचा. तो जुन्या जागेत घालायला गेलं की एक तर वायपर अडतो नाही तर ग्लोव्ह बॉक्सचं झाकण लागत नाही. आफ्रिकेतल्या त्या लढाईचा शेवटचा बळी सोलापुरातला एक ग्लोव्ह बॉक्स असेल, असं इतिहासकारांना वाटलं नसेल. तेव्हा जुना सांगाडा आणि जुना चुंबक ठेवून फक्त कोन बदलून घेणं हाच शहाणपणा आहे, आणि तो ३०० वॅटच्या जोडीपेक्षा स्वस्तही पडतो. लोक तो सहसा जोडी घेतल्यानंतर करतात, एवढंच.

गाडी पद्मिनीपेक्षा जुनी असली की प्रकरण आणखी रंगतं. कुर्ल्याहून सुरुवातीला निघालेल्या डॉजची वीज ६ व्होल्टची, आणि तीही पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. इंग्रजी मॉरिस ऑक्सफर्डमध्येही पॉझिटिव्हच बॉडीला. रेडिओमोबाइलच्या बऱ्याच सेटच्या मागे दिशा बदलायची सोयच असे. ती न बघता सेट जोडला तर ट्रान्झिस्टर क्षणात जातो, धूर निघायच्या आधी. १९३० च्या दशकातल्या स्पीकरला तर कायमचा चुंबकच नसे. गाडीच्या बॅटरीवर चालणारा विद्युतचुंबक असे, म्हणून स्पीकरला दोनऐवजी चार वायरी. असा स्पीकर आजच्या पोरानं हातात घेतला की तो दोन वायरी जास्तीच्या समजून कापून टाकतो. तेवढा स्वच्छतेचा संस्कार शाळांनी केला आहे.

मुळात गाडीत रेडिओ घालणं हीच एकेकाळी धाडसाची गोष्ट होती. १९३० मध्ये शिकागोच्या पॉल गॅल्विननं आपल्या स्टुडबेकरमध्ये रेडिओ बसवला, तो घेऊन अटलांटिक सिटीच्या रेडिओवाल्यांच्या मेळाव्याला गेला आणि आत स्टॉल घ्यायला पैसे नसल्यानं बाहेर गाडी उभी करून आवाज मोठा केला. ऑर्डरी मिळाल्या. त्याच्या मालाचं नाव मोटोरोला. मेळाव्याबाहेर गाडी लावून मोठ्यानं गाणी वाजवायची प्रथा तेव्हापासूनची, आणि सोलापूरच्या मंगल कार्यालयांबाहेर ती अजून श्रद्धेनं पाळली जाते. दोन वर्षांनी जर्मनीत ब्लाउपुंक्टनं एएस-५ काढला. वजन सुमारे १५ किलो, किंमत ४६५ मार्क. पंधरा किलोचा रेडिओ म्हणजे एक प्रवासी कमी. नातेवाइकांना नाही म्हणायला इतकं सभ्य कारण पुन्हा कधी मिळालं नाही. सगळा ट्रान्झिस्टरचा पहिला सेट १९५५ मध्ये फिल्कोनं क्रायस्लरसाठी केला, तोवर व्हॉल्व्ह आणि त्यांना व्होल्टेज पुरवणारा गुणगुणता व्हायब्रेटर यांचंच राज्य होतं. त्या व्हायब्रेटरची गुणगुण गाण्याच्या आधी येई आणि गाण्यानंतरही राही.

वकीलसाहेबांचा स्पीकर बसतो. रेडिओ लागतो. खरखर येते, पण या वेळी ती भरदार येते. कागदाच्या कोनातून आलेल्या खरखरीलाही एक वजन असतं. मग डाव्या-उजव्या बटणांची कसरत सुरू होते.

सोलापूरला तीन भाषा येतात हे महाराष्ट्राला ठाऊक आहे. जुन्या रेडिओच्या पट्टीलाही त्या येत. मध्यम लहरींवर ७३८ किलोहर्ट्झला हैदराबादची तेलुगू, ७६५ ला धारवाडची कन्नड आणि ७९२ ला पुण्याची मराठी. नेमकं सत्तावीस-सत्तावीसचं अंतर, मुद्दाम सोलापूरसाठी आखल्यासारखं. सूर्य मावळला की मध्यम लहरी वरच्या थरावरून परतून लांबवर पोचतात, तेव्हा तर तिन्ही एकमेकींत मिसळायला उत्सुक. त्यात डायलची दोरी सैल झालेली असली की काटा एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे. पूर्वभागातला पद्मशाली मालक तेलुगू शोधतो, त्याला कन्नड शेतीसल्ला मिळतो. अक्कलकोटहून आलेला कन्नड पाहुणा काटा सरकवतो आणि पुण्याच्या शास्त्रीय गायनात अडकतो. भांडण होत नाही, कारण सोलापुरात सगळ्यांना सगळं थोडं थोडं कळतं.

ही मौज आता ओसरत चालली आहे. प्रसारभारतीनं गेल्या काही वर्षांत ठिकठिकाणचे मध्यम लहरींचे प्रक्षेपक बंद केले, आणि सोलापूरचं आकाशवाणी केंद्र ऐकायचं तर ते एफएमवर १०३.४ ला आहे. वकीलसाहेबांच्या रेडिओला एफएम हे नावही माहीत नाही. ज्या शहराची गाडी, त्याच शहराचं केंद्र तिला ऐकू येत नाही. मेस्त्री ही बातमी अत्यंत शांतपणे देतो. त्यानं ती पहिल्याच दिवशी का दिली नाही, हे विचारायचं भान कुणाला राहत नाही.

“मग इतके दिवस आपण काय केलं मेस्त्री?”

“स्पीकर केला की! रेडिओचं तुम्ही कुठं इचारलं?”

यावर उपाय आहेत. एक चोरटा: ग्लोव्ह बॉक्समध्ये ब्लूटूथचा डबा आणि त्याचाच स्पीकर लपवायचा, वर जुना रेडिओ नुसता दिवा लावून ठेवायचा. मेळाव्यांत हा उपाय वाटतो त्याहून पुष्कळ चालतो. रेडिओचा काटा ७९२ वर आणि गाणं गेल्या महिन्यातल्या सिनेमाचं, तेव्हा जाणकार आदरानं दुसरीकडे पाहतात. यात एकच धोका. हा डबा जुन्याच स्पीकरला जोडायचा मोह होतो, आणि जुन्या वायरिंगमध्ये अनेकदा स्पीकरची एक वायर थेट बॉडीला असते. आजच्या बहुतेक स्टिरिओंना त्यांच्या स्पीकरची कोणतीही वायर बॉडीला लागलेली चालत नाही. लागली की डबा गप्प होतो, बहुधा कायमचा.

दुसरा उपाय सरळ मनाचा. रेडिओ उघडायचा, आवाजाच्या बटणाच्या वरच्या टोकाशी एक कंडेन्सर लावून बाहेरून वायर आणायची आणि तिला मोबाइल जोडायचा. मोबाइलमध्ये डावा-उजवा असे दोन आवाज, रेडिओला एकच कळतो. म्हणून दोन्ही वायरींवर एकेक रेझिस्टर टाकून त्यांना एकत्र करायचं. थेट पीळ मारला तर मोबाइल तक्रार करतो. मग जे वाजतं ते जुन्या रेडिओच्या जुन्याच गळ्यातून, तीन ओहमच्या कागदी कोनातून येतं. पन्नास-साठच्या दशकातली गाणी त्यातून अशी निघतात की ती याच स्पीकरसाठी केली होती की काय असं वाटावं. ते फारसं चुकीचंही नाही. तेव्हा ती ऐकली जायची ती अशाच स्पीकरांतून. परवाचं रिमिक्स लावलं तर खालचा ठेका गायब होतो आणि उरतो तो गायक, एकटा आणि जरा घाबरलेला.

चाचणीसाठी गाडी विजापूर रोडनं कंबर तलावापर्यंत जाते. काचा खाली, इंजिन आपल्या सुरात, मागून रिक्षांचे हॉर्न. मेस्त्री पुढे बसलेला, मांडीवर पकड. वकीलसाहेब बटण फिरवत फिरवत शेवटापर्यंत नेतात.

“अजून वाढत नाही का हो?”

“तीनच वॅट हायत त्याच्यात मालक,” मेस्त्री म्हणतो. “पुढचं तुमी म्हणा.”

आणि वकीलसाहेब म्हणायला लागतात. मेस्त्री आपल्या बाजूची काच वर करून घेतो.